गार्गीच्या नावानं पारायण

हसायचं तर खुशाल हसा, पण आधी तो चहाचा कप खाली ठेवा, नाहीतर ठसका लागेल.

गेल्या वर्षी मी बाप्पाला एक नवस बोलले होते. "देवा, आमच्या गार्गीला इंग्रजीच्या वरच्या वर्गात टिकू दे, मी पारायण करीन." बोलले खरी, पण पोथी कुठली ते सांगायचं राहूनच गेलं. आणि तिथंच सगळा घोटाळा झाला बघा!

गार्गी आमची एकुलती एक, अकरावीत. आम्ही राहतो दुबई सिलिकॉन ओएसिसमध्ये, आणि तिची शाळा अमेरिकन अभ्यासक्रमाची. यंदा इंग्रजीला अमेरिकेतलं सुरुवातीचं साहित्य. म्हणजे इंग्लंडहून बोटीनं तिकडं गेलेली माणसं, त्यांची प्रवचनं, त्यांच्या आठवणी. शिवाय प्रत्येकानं त्या काळातलं एक पुस्तक घरी आपलं आपण वाचायचं. त्याला म्हणतात इंडिपेंडंट रीडिंग. मग टीचर आईबाबांच्या देखत मुलांशी त्या पुस्तकावर गप्पा मारणार. गप्पा जमल्या तर हुशार मुलांचा तो वरचा वर्ग, नाहीतर साध्या वर्गात रवानगी!

आणि गार्गीचं पुस्तक? सोफ्यावर उपडं पडलेलं. वर मोबाइलचा चार्जर!

"अगं, वाचणार कधी तू हे?"

"मम्मा, इट्स सो बोरिंग! ती बाई सारखी देवाला थँक्यू म्हणत बसते."

देवाला थँक्यू? माझे कान टवकारले. पुस्तक उचलून चाळलं. एका बाईच्या आठवणी होत्या. बोटीतून उतरली, थंडीनं काकडली, आणि पीक आलं की देवाचे आभार, पीक बुडालं की उपवास! अहो, ही तर आपल्यातलीच निघाली! हिला संकष्टीला बोलावलं असतं तर चंद्रोदयापर्यंत पाण्यावर राहिली असती.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हीच पोथी! पारायण हिचंच!

आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे घरातल्या एकानं वाचलं की पुण्य सगळ्यांना मिळतं की नाही? सासूबाईंचे गुडघे धरले तेव्हा त्यांच्या नावानं मीच वाचलं होतं. ह्यांच्या प्रमोशनसाठीचं पारायण काय ह्यांनी केलं? हे रास अल खैमाच्या टाइल्सच्या कारखान्यातून यायचे तेच पेंगत! मग लेकीच्या नावानं आईनं वाचलं तर बिघडलं कुठं?

झालं. पुस्तक लाल वस्त्रात गुंडाळून चौरंगावर ठेवलं. छतावरच्या स्मोक अलार्मला शॉवर कॅप घातली, उदबत्ती लावली आणि गोत्रासकट संकल्प सोडला: चिरंजीव गार्गी हिला इंग्रजी विषयात यश मिळावे म्हणून!

इंग्रजी जुनं होतं, मान्य. 'हॅथ' काय, 'डॉथ' काय! पण पोथीतले तरी सगळे शब्द कुठे कळतात? वाचत जायचं, अर्थ मागून चालत येतो. मी आपली ओवीच्या चालीत वाचायला लागले.

हे दारातच थबकले. "अहो बाई, हे इंग्रजी आहे की आरती?"

"मध्ये बोलू नका. अध्याय चालू आहे."

दोन दिवसांनी गार्गीनं विचारलं, "मम्मा, व्हेअर इज माय बुक?"

"देवघरात. आणि हात लावायचा नाही हं! पारायण पुरं होईपर्यंत पोथी हलवत नाहीत."

ती एवढी गोड हसली! "ओके मम्मा. टेक युअर टाइम."

काय गुणी पोर, असं मला वाटलं. संशय यायला नको? छे! रोज अध्याय संपला की मी पुस्तकाला शिऱ्याचा नैवेद्य दाखवायची आणि गार्गी वाटी चाटूनपुसून लख्ख करायची.

गप्पांचा दिवस आला. टीचर अमेरिकेच्याच, उंच आणि हसऱ्या. त्यांनी गार्गीला विचारलं, "एवढ्या हालअपेष्टांत ही बाई देवाचे आभार का मानते?"

गार्गी छताकडे बघायला लागली. मग माझ्याकडे. उत्तर माझ्या अगदी जिभेवर, आणि गप्प बसायचं? नाहीच राहवलं.

"मॅडम, शी इज लाइक अस!" मी सुरूच झाले. निम्मं इंग्रजी, निम्मं हिंदी, पण इतकी वर्षं दुबईत काढून टीचरना दोन्ही कळायचं. "समुंदर पार करके आयी. आई-वडील मागे राहिले. सण आला तर ओवाळायला कोणी नाही. जे गेलं ते मोजत बसली तर जगेल कशी? म्हणून राहिलंय ते मोजते. आम्ही दुबईला आलो ना, पहिल्या दिवाळीला मीसुद्धा तेच केलं."

टीचर पुढे सरकून ऐकत होत्या. आणखी विचारलं, मी आणखी सांगितलं. ह्यांनी टेबलाखालून चिमटा काढला, तो प्रोत्साहनाचा समजून मी उपवासाचा अध्यायही सांगून टाकला!

"वंडरफुल!" टीचर म्हणाल्या. "आणि गार्गी, तुला काय वाटलं?"

"ॲक्चुअली, मिस..." गार्गी पुटपुटली, "द बुक इज विथ मॉम. इन द टेंपल."

मग काय! मला संकल्पापासून सगळं सांगावं लागलं. टीचरनी चष्मा काढून डोळे पुसले. हसू आवरत म्हणाल्या, "म्हणजे गार्गीला भूक लागली की तिच्या नावानं तुम्ही जेवता?"

"नो मिस," आमचं रत्न लगेच म्हणालं, "शिरा मी स्वतः खाल्ला."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला!

पण टीचरबाई देवमाणूस. गार्गीला एक संधी आणखी दिली. अट एकच, आईनं खोलीबाहेर बसायचं.

मी निमूटपणे वस्त्र सोडून पुस्तक लेकीच्या हाती दिलं. ती वाचत बसली, आणि खरंच वाचत बसली हो! एक दिवस आतून ओरडली, "मम्मा! ही पानं तू वाचलीस?"

बघते तर शेवटची दोन पानं एकमेकांना घट्ट चिकटलेली. माझ्याच शिऱ्याच्या तुपानं आणि साखरेनं! गार्गीनं ती अलगद सोडवून मोठ्यांदा वाचली. त्या बाईनं आपल्या शेजारणीला फैलावर घेतलं होतं: देवाचा ग्रंथ ज्यानं त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी वाचावा, दुसऱ्यानं आपल्या नावानं वाचलेलं देवाच्या दारी चालत नाही!

घ्या! मी जिला नैवेद्य दाखवत होते, तीच मला आधीपासून ओरडत होती. आणि मी तिच्या तोंडाला शिरा लावून ठेवला होता!

गार्गी वरच्या वर्गात टिकली, बाप्पाची कृपा. त्या दुसऱ्या गप्पांच्या वेळी मी बाहेर खुर्चीवर बसून टीचरनीच दिलेलं दुसरं पुस्तक वाचत होते. स्वतःच्या नावानं.

आता मी नवा नवस बोलले आहे: लेकीचं पुस्तक लेकीच्या हातात, माझं माझ्या. तुम्हीही बोला ना असाच एक, आजच. वाचता वाचता शिरा खुशाल खा, फक्त वाटी पुस्तकापासून जरा लांब ठेवा.