पाली मोजणारी

खालून वणवा आला तशी मी हिरड्याची पाटी आणि दोन शेळ्या सोडून डोंगराच्या चढाला पळत सुटले. पाली मोजायला आलेल्या त्या पोरीनं माझा दंड धरला. आठवडाभर ती आमच्या अकोले तालुक्यातल्या रानात कुठली पाल कुठं बसते ते वहीत टिपत होती. लिहायच्या आधी दगडावर तळहात ठेवायची. मी रोज विचारायचे, "घरच्या पाली मोजून सरल्या व्हय गं?"

"आजी, वर नको. आग चढाला जोरात पळते. उन्हात पाली त्या कातळाच्या कपारीत शिरतात. तिथं गार असतं, गवतही नाही."

कपारीत तळहात टेकवून तिनं मला आत ढकललं आणि मागोमाग स्वतः शिरली.

तिचं नाव विचारायचं राहिलं. शेळ्या जळाल्या. आम्ही दोघी वाचलो, आणि डोक्यावरच्या कातळाला चिकटलेल्या पालीही.