पत्रकातला तिसरा चित्रपट

डोंबिवलीतल्या आमच्या चित्रपट मंडळाचं दर महिन्याचं पत्रक मी लिहिते. मंडळ म्हणजे फार मोठं काही नाही. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरचं सभागृह, साठ प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एक प्रोजेक्टर आणि दर रविवारी साडेचारला एक चित्रपट. पत्रकात येत्या चार रविवारांची यादी असते आणि प्रत्येक चित्रपटाखाली माझी दोन-तीन वाक्यं. आधी चित्रपट बघायचा आणि मगच लिहायचं, हा माझा मीच घालून घेतलेला नियम. त्या महिन्यात ऑफिसात ऑडिट होतं, म्हणून तो मी मोडला. तिसऱ्या रविवारचा चित्रपट न बघता, इंटरनेटवर चार ओळी वाचून लिहून टाकलं, ‘नदीकाठच्या गावातला सायकली दुरुस्त करणारा बाप आणि त्याचा मुलगा. हळुवार, सहकुटुंब बघावा असा.’

त्या तिसऱ्या रविवारच्या आधीच्या गुरुवारी, पेन ड्राइव्ह नीट चालतोय ना हे बघायला म्हणून घरी लॅपटॉपवर लावला. समोर ताट होतं. चित्रपटाच्या बरोबर मध्यावर तो मुलगा मित्रांबरोबर नदीत उतरतो आणि वर येत नाही. पुढची दहा मिनिटं बाप काठावर उभा असतो आणि गावातली माणसं पाण्यात गळ टाकून शोधत असतात. माझा घास हातातच राहिला.

मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्या पत्रकाखाली पहिलं उत्तर कळव्याच्या काकांचं होतं. ‘तिसऱ्या रविवारी आम्ही दोघं नक्की.’

हे काका-काकू आमचे जुने सभासद. दोन वर्षांपूर्वी त्यांचा एकुलता एक मुलगा मित्रांबरोबर धरणावर गेला आणि बुडाला. तिसऱ्या दिवशी सापडला. नंतर दीड वर्ष दोघं कुठेच दिसले नाहीत. आत्ता आत्ता कुठे पुन्हा यायला लागले होते.

मी आमच्या सचिवांना फोन करून तो प्रसंग सांगितला. ते निवृत्त प्राध्यापक, आम्ही सगळे त्यांना सरच म्हणतो.

“सर, चित्रपट बदलू या.”

“का बदलला म्हणून सगळे विचारतील. आणि का बदलला ते त्या दोघांना कळणार नाही असं वाटतं तुला?”

“मग सुरू करायच्या आधी उभं राहून सांगते, यात असा असा प्रसंग आहे म्हणून.”

“म्हणजे सगळं सभागृह माना वळवून त्यांच्याकडे बघणार. तू घरी जाऊन सांग. फोनवर नको.”

माझं ऑफिस ठाण्याला. शुक्रवारी सुटल्यावर रिक्षा केली आणि खाडीपुलावरून कळव्याला गेले. वाटेत वाक्यं जुळवत होते, एकही धड होत नव्हतं. दार काकूंनी उघडलं. चपलांच्या कपाटावर मुलाचं हेल्मेट होतं, लख्ख पुसलेलं. काका फिरायला गेले होते. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं.

काकूंनी चहा टाकला. मी स्वयंपाकघराच्या दारातच उभी राहून एका दमात सगळं सांगितलं. माझी चूक, न बघता लिहिलं, हेही सांगितलं. त्यांनी गॅस बारीक केला.

“किती वेळ आहे ते?”

“दहा मिनिटं. साधारण पन्नासाव्या मिनिटाला सुरू होतं.”

“सापडतो?”

“नाही दाखवलेलं.”

त्यांनी चहा गाळला, कप माझ्या हातात दिला. “ह्यांना मी सांगते. तू काही बोलू नकोस.”

काका यायच्या आत मी निघाले.

शनिवारभर ग्रुप बघत होते. काकांनी ‘येणार नाही’ म्हणून काही लिहिलं नाही. रविवारी सव्वाचारला दोघं जिना चढून वर आले. काका नेहमीसारखे हसले, “काय, आज हळुवार आहे म्हणे!” मी काकूंकडे बघितलं. त्या खुर्ची शोधत होत्या. काकांचा गुडघा दुखतो, म्हणून ते कायम कडेच्या खुर्चीत बसायचे. आज काकू म्हणाल्या, “तुम्ही आत बसा, मला पंखा लागतो,” आणि कडेला स्वतः बसल्या. तेव्हाच माझ्या लक्षात आलं. मी सरांच्या कानात म्हटलं, “सांगितलेलं नाही त्यांना.” सर म्हणाले, “आता काय करणार?” आणि दिवे बंद झाले.

मी मागच्या भिंतीला टेकून उभी होते. पडदा कमी आणि घड्याळच जास्त बघत होते. चाळीस मिनिटं. पंचेचाळीस. कुठल्याशा विनोदावर काका मोठ्याने हसले, तेव्हा वाटलं, धावत जाऊन प्रोजेक्टरची वायर ओढावी. हात वायरपर्यंत गेलाही होता. मी ओढली नाही. आजही त्याचं नीट कारण मला सांगता येत नाही.

मुलगा पाण्यात उतरला. काकांची मान ताठ झाली, पण ते हलले नाहीत. उठल्या त्या काकू. पदर तोंडाशी धरून, खुर्च्यांना अडखळत बाहेर गेल्या. मी मागोमाग गेले. बाहेर चपला काढायच्या जागी एक बाक आहे, त्यावर त्या बसल्या होत्या.

“काकू, तुम्ही सांगणार होतात ना?”

“नाही सांगितलं.” त्यांनी पदराने तोंड पुसलं. “दोन वर्षं झाली गं. त्याचं नाव काढलं की हे उठून गॅलरीत जातात. मी एकटीच बोलते, भांड्यांशी, भिंतींशी. वाटलं, इथनं कुठे उठून जातील? आणि मलाच बघवलं नाही.”

दार उघडलं. काका बाहेर आले. आतून नदीचा आवाज आला आणि दार लागल्यावर बारीक झाला.

“तुला माहीत होतं?” त्यांनी काकूंना विचारलं.

“हो.”

“आणि हिला?”

“हिनेच येऊन सांगितलं मला.”

ते माझ्याकडे बघत राहिले. मग ते बाकावर बसले आणि सँडल घालू लागले. पट्टा बकलात जाईना. दोन-तीनदा प्रयत्न केला. काकू खाली वाकल्या आणि त्यांनी पट्टा लावून दिला. काकांनी पाय मागे घेतला नाही. दोघं जिना उतरून गेले.

बुधवारी दुपारी ऑफिसात काकांचा फोन आला. मी जिन्यात जाऊन उभी राहिले.

“तू माझ्या घरी आलीस, चहा प्यायलीस आणि मला न सांगता गेलीस,” ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, त्यानेच जास्त लागलं. “मी काय लहान मूल आहे? माझ्यापासून लपवायचं, ते तुम्ही दोघींनी ठरवायचं?”

“चुकलंच माझं, काका. थांबायला हवं होतं मी. तुम्ही याल म्हणून घाबरून निघाले.”

“हं.”

फोन ठेवला की काय, म्हणून मी ‘हॅलो’ म्हटलं.

“ही परवापासून बोलतेय,” ते म्हणाले. “त्याच्या शाळेपासून सुरू केलंय. मी ऐकतोय. गॅलरीत नाही गेलो.” मग घसा खाकरला. “आम्ही मधेच उठलो. पुढे तो बाप काय करतो?”

मी जिन्याच्या पायरीवर बसले आणि त्यांना उरलेला चित्रपट सांगितला. बाप घरी येतो. बरेच दिवस दुकान बंद असतं. मुलाचे मित्र त्याला तोंड दाखवत नाहीत. एक दिवस त्यातलाच एक जण पंक्चर झालेली सायकल घेऊन दारात उभा राहतो.

“काढतो का पंक्चर?”

“काढतो. पण एक शब्द बोलत नाही त्याच्याशी.”

“बरोबर आहे,” काका म्हणाले. “मीही नसतो बोललो.” आणि त्यांनी फोन ठेवला.

पुढचे दोन महिने ते आले नाहीत. तिसऱ्या महिन्याचं पत्रक ग्रुपवर टाकलं, तेव्हा काकूंनी खाली एवढंच लिहिलं, ‘दुसऱ्या रविवारी दोघं येतोय. बघून लिहिलंयस ना?’