नाखव्याचा चार किलोमीटरचा फेरा

नाखवा स्वतः आयुष्यात कधी धावला नसेल. गुडघा अधू, पोट सुटलेलं आणि घाईचा तर मनस्वी तिटकारा. साइटवर कोणी "यल्ला, यल्ला" ओरडलं की हा मुद्दाम सावकाश चपला शोधायचा. अशा माणसाने मला धावायला लावलं, हे मी नाशिकला सांगतो तेव्हा बायकोसुद्धा हसते.

सौदीत खमीस मुशैतपासून तासभर वर, एका उघड्याबोडक्या डोंगराळ गावात आमचं रस्त्याचं काम चाललंय. मी तिथे इंजिनीअर. तो सर्व्हेच्या टोळीतला सगळ्यात जुना माणूस, रत्नागिरीकडचा. बापजादे गलबतावरचे, म्हणून सगळे नाखवा म्हणायचे. खरं नाव इकाम्यावर, म्हणजे तिथल्या राहण्याच्या परवान्यावर होतं, ते तिथेच राहिलं.

चव्वेचाळिसाव्या वर्षी माझ्या हृदयात स्टेंट बसला. काही महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, "चालणं पुरे, आता रोज बेताने धावा." मी मान डोलावली आणि खोलीवर येऊन आडवा झालो. खरं सांगतो, मी घाबरलो होतो. चार पायऱ्या चढलो तरी नाडीवर बोट ठेवायचो. बायकोला मात्र फोनवर रोज सांगायचो, धावून आलो गं! एकदा नाखवा दारात उभा राहून हे ऐकत होता. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या नमाजानंतर नाखवासाहेब गायब, आणि रस्ता मोजायचं आमचं चाकही गायब.

तीन दिवसांनी त्याने मला गावाबाहेरच्या पेट्रोल पंपावर नेलं. तिथून वाट निघायची ती जुन्या दगडी बांधांच्या शेतांवरून, टक्कल पडलेल्या टेकडीला मागून वळसा घालून, शाळेच्या भिंतीकडेने परत पंपावर. बरोबर चार किलोमीटर. दगडादगडावर साइटच्या पिवळ्या रंगाचे ठिपके. "जाताना वारा तोंडावर घ्यायचा," तो म्हणाला. "भांडायचं ते ताजेपणी. दमलास की वाऱ्याने घरी ढकललं पाहिजे."

बेताने म्हणजे किती, याचंही त्याच्याकडे माप होतं. "धावता धावता मला शिव्या देता आल्या पाहिजेत. शिवी अर्ध्यात तुटली की चालायचं." या उंचीवर हवा विरळ. पहिल्या आठवड्यात माझी एकही शिवी पुरी झाली नाही. दुसऱ्या महिन्यात त्याच्या सात पिढ्यांपर्यंत पोचलो. तो खूश!

मधे एक घोळ त्याने घातला. वाटसरूला पाणी ठेवावं या गावच्या सवयीने त्याने टेकडीच्या पायथ्याशी एका दगडावर पाण्याची बाटली आणि खजूर ठेवायला सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी तिथे पंधरावीस माकडं बसलेली, कुत्र्याएवढी दांडगी, आणि खजूर कुठे म्हणून मलाच दात दाखवतायत. त्या दिवशी डॉक्टरांचा 'बेताने' मी पार धाब्यावर बसवला. नाखव्याने कपाळावर हात मारला. "जन्म गेला आंब्यावरची माकडं हाकण्यात, आणि इथे मीच पंगत वाढली!" पुढचा आठवडाभर काठी घेऊन, त्या गुडघ्याने, तो रोज तिथे उभा राहिला. माकडं कंटाळून गेली.

एरवी तो पंपाच्या कट्ट्यावर थर्मास घेऊन बसायचा. त्यात सुलेमानी, बिनदुधाचा चहा. पण मी परत आल्याशिवाय झाकण उघडायचा नाही. "होडी दिसल्याशिवाय आमच्याकडे चूल पेटत नाही," म्हणायचा. मला ती त्याची नाटकं वाटायची.

आमचं खरं भांडण झालं ते धरणाच्या रस्त्यावरून. मला या गोल गोल फिरण्याचा वीट आला होता. धरणाकडे सरळ, गुळगुळीत, झाडांचा रस्ता होता. तो ऐकेचना. "नको म्हणजे नको." मी चिडून म्हणालो, "नाखवा, रस्ता तुमच्या बापाचा आहे का?" तो दोन दिवस बोलला नाही. पंपावर मात्र दोन्ही दिवस हजर.

या वर्षी त्याचं फायनल एक्झिट आलं, म्हणजे कायमचं घरी परतायचा कागद. जायच्या सकाळी त्याने मला धावू दिलं नाही. कट्ट्यावर शेजारी बसवलं आणि बोट फिरवलं. "हे शेत दिसतं? ती भिंत दिसते? इथून तू मला सगळीकडे दिसायचास. म्हणून ही वाट. फक्त टेकडीमागची सात मिनिटं नाही." मग म्हणाला, "माझा भाऊ इथेच, रास अल खैरच्या बंदरावर कामाला होता. सकाळी सरळ रस्त्याने चालायला गेला, वाटेत पडला. दुपारी सापडला. तो कुठे गेलाय, कोणाला माहीतच नव्हतं रे."

बाप काढला होता मी त्याचा. मी त्याचा हात धरला, तर म्हणतो कसा, "रडतोस काय? टेकडीमागून बाहेर आलास की फोनवर एक मेसेज टाकत जा. एवढंच." गाडीत बसताना थर्मास माझ्या हातात दिला.

त्यानंतर रोज मेसेज टाकतो. उत्तरादाखल कपाचं चित्र येतं, बस्स.

गेल्या शुक्रवारी मरणाची थंडी होती. कंटाळा केला, पांघरूण ओढून पडलो. साडेसातला फोन वाजला. रत्नागिरीहून भाभी.

"भाऊ, बरे आहात ना? इथे दहा वाजले. यांनी अजून चहाला तोंड लावलं नाही."

मागून नाखव्याचा आवाज आला, "घाई नाही म्हणावं. वारा बघून निघ."

मी उठलो आणि बूट घातले.