ताटातला चौकोन

भैंशाच्या बसस्टँडवर बाबांनी माझ्या कॉम्प्युटरसाठी खिडकीजवळची जागा धरली आणि मला उभं ठेवलं. जिनिंगमधून आणलेल्या कापसात आणि आईच्या गोधडीत मॉनिटर असा गुंडाळला होता, की कंडक्टरने विचारलं, "कोई बीमार है क्या?" खिडकीखालून आई एकच वाक्य घोळवत होती, "जमलं नाही तं वापस ये माय, लाज नको धरू." बिनलग्नाची पोरगी परगावी शिकवणी काढते, हे आमच्या आळीला पटलं नव्हतं. बाबांनाही अर्धंच पटलं होतं. शिकवणीला मुलं मिळाली नाहीत तर ते मला सोबत घेऊनच परतणार होते.

आदिलाबादला लागून असलेल्या मावल्याला एक खोली घेतली आणि दारावर पाटी लावली, गणित आणि कॉम्प्युटर. तेव्हा आदिलाबादेत कॉम्प्युटर दिसला तर बँकेत. पहिल्या दिवशी शेजारच्या लक्ष्मम्मा आपली नात आणि आणखी काही आया-पोरं घेऊन आल्या. बघून मग ठरवणार होत्या. आमच्या भागात मूल पहिलं अक्षर बासरला, सरस्वतीपुढे, तांदळात बोटाने गिरवतं. "इदि कूडा चदुवे कदा!" लक्ष्मम्मा म्हणाल्या, हीसुद्धा विद्याच की! मी पाणी आणायला आत गेले तेवढ्यात त्यांनी कीबोर्डला हळदकुंकू लावून वर मूठभर अक्षता वाहिल्या.

दाणे फटींत गेले आणि कीबोर्डच्या कळा दबेनात. एक आई चपला शोधू लागली. माझे डोळे भरून आले. "काऊन रडून राह्यली? दुसरं काही शिकव ना," कोपऱ्यातून बाबा म्हणाले.

उरलेले तांदूळ मी ताटात पसरले आणि त्यात लक्ष्मम्मांच्या नातीचं बोट टेकवलं. म्हटलं, हे ताट म्हणजे पडदा आणि ही पोरगी म्हणजे मशीन. सांगितलं तेवढंच ती करणार, स्वतःची अक्कल चालवणार नाही. हुकूम सोडायला पोरं काय, एका पायावर तयार! "पुढे जा," सगळी ओरडली आणि वळायला सांगायचं विसरली. बोट ताटाबाहेर निघून जमिनीवरून थेट दाराकडे चाललं. आया पोट धरून हसल्या. शेवटी "पुढे जा, वळ, असं चारदा" एवढ्यावर तांदळात चौकोन उमटला. हाच प्रोग्राम, मी सांगितलं. चपला शोधणारी बाई बसून राहिली. तिच्या दोन्ही पोरांची नावं तिने तिथेच घातली.

दुसऱ्या दिवशी बाबांनी कीबोर्ड उलटा धरून दाणा न् दाणा काढला आणि पिशवी उचलली. "आता तुले न्याले नाही येनार," ते म्हणाले, "भेटाले येत जाईन." मला आनंद झाला आणि फार वाईटही वाटलं.

त्याला पुष्कळ वर्षं झाली. कॉम्प्युटर बदलले, पहिला धडा मात्र अजून तांदळाच्या ताटातच होतो. तुम्ही भैंशाचे सगळे विचारता, घरी कधी येतेस? येते की. पण भैंशाला गेले की आई माझ्यासाठी पाहुण्यांच्या कपबश्या काढते, त्याचा मला राग येतो. इथे बाबा आले, की पिशवी ठेवून थेट स्वयंपाकघरात शिरतात, तांदूळ पसरतात आणि पोरांवर ओरडतात, "अक्कल नका लावू, सांगतलं तेवढंच करा!" ताट कुठे आहे, हे त्यांना विचारावं लागत नाही. माझं घर आता हेच.