सावित्रीआक्का आणि पाण्याचा तांब्या

लघवी तपासणीच्या खिडकीवर बसलं की किस्से शोधावे लागत नाहीत, बाटलीसकट चालत येतात! रत्नागिरीतल्या एका लॅबमध्ये मी बावीस वर्षं नमुने घेते. डबा खाताना मी तोंड उघडलं की बाकीच्या ओरडतात, "ताई, जेवू दे गो!" सावित्रीआक्कांचे किस्से मात्र त्याच मागून घेतात. आक्का पावस गावच्या, आंब्याच्या पॅकिंग शेडवर कामाला जायच्या.

*

पहिल्यांदा आल्या त्या लोणच्याची बाटली घेऊन. झाकणाला मोहरी चिकटलेली! मी त्यांना निर्जंतुक डबी दिली. "आधी धुवून घ्यायचं, पहिली धार सोडायची, मधली धरायची."

"एवढं सोवळं मी देवाला पण पाळत नाय गो!"

*

जंतू निघाले. डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. पंधरा दिवसांत आक्का पुन्हा हजर. गोळ्या संपवल्यात का, विचारलं.

"दोन दिवसांत जळजळ थांबली. उरलेल्या शेडमधल्या बायकांना वाटल्या. सगळ्यांनाच जळतं!"

प्रसाद वाटावा तशा! डॉक्टर ओरडले, "अर्धवट सोडल्यात तर पुढे औषध लागूच पडणार नाही, किडनीवर जाईल." आक्का नुसत्या हसल्या.

*

"पाणी किती पिता?" डॉक्टरांनी विचारलं.

"सकाळी चहाबरोबर. मग सांजेला घरी."

"एवढ्या उन्हात?"

आक्का पदर सावरत उठल्या. बाहेर आल्यावर माझ्या कानाशी लागल्या, "शेडवर संडास नाय. कलमांच्या बागेत पुरुष माणसं असतात. पिऊन जायचं कुठं?"

"भरपूर पाणी प्या, लघवी तुंबवू नका," हे वाक्य मी बावीस वर्षं सगळ्यांच्या तोंडावर फेकत आले होते. त्या दिवशी मला माझीच लाज वाटली.

*

शेडचा मालक साखर तपासायला आमच्याकडेच यायचा. गाठलाच त्याला.

"ताई, दोन महिन्यांचा सीझन. त्यासाठी संडास कोण बांधतो?" असं म्हणाला आणि पुढच्याच मिनिटाला, "तुमचं बाथरूम कुठे?"

दाखवलं. काय करणार!

*

मे महिन्यात आक्कांना थंडी भरून ताप आला. त्या काहीबाही बोलायला लागल्या, वारलेल्या नवऱ्याला हाका मारायला लागल्या. घरच्यांना वाटलं, बाहेरची बाधा. मुलगा मुंबईहून येऊन हॉस्पिटलात नेईपर्यंत दोन दिवस देवाला गाऱ्हाणी घालण्यात गेले. म्हाताऱ्या माणसाला लघवीचा जंतू असा भ्रमात नेतो, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. मीसुद्धा नाही. हे मला अजून खातं.

त्यांचा कल्चर रिपोर्ट मीच टाइप केला. एकेका औषधापुढे तेच लिहायचं होतं, लागू नाही, लागू नाही. त्यात त्या पाच दिवसांच्या गोळ्याही होत्या. तोवर जंतू किडनीतून रक्तात गेला होता. त्या दिवशी मी डबा उघडला नाही.

*

आक्का गेल्या, त्याच्या आदल्या दुपारी मी हॉस्पिटलात त्यांना भेटायला गेले. शुद्धीवर होत्या. लघवीची नळी घातलेली, कॉटखाली पिशवी लटकत होती. सून उशाशी बसली होती.

आक्कांनी बोटाने पिशवी दाखवली. "ही हाय तोवर मला उठून जायला लागणार नाय ना गो?"

"नाही आक्का. मुळीच नाही."

त्यांनी सुनेकडे मान वळवली.

"मग आण तांब्या. आज पोटभर पिते."