पंप तुझा, आवळणं माझं

"ज्यानं आवळलं, त्यानं आधी वर जायचं."

हे म्हणताना तो हातातला पाना समोरच्याच्या छातीवर टेकवायचा. विमानाचा नट आवळणाऱ्यानं पहिल्या उड्डाणात स्वतः बसायचं, असा त्याचा कायदा. कुणी लिहून दिलेला नाय. त्याच्या उस्तादानं त्याला सांगितला, त्यानं मला.

आता लोक म्हणतात, लई अडेल होता, म्हणून गेला. म्हणणाऱ्यांच्या तोंडात किडे पडोत. तुम्ही त्याला बघितलं असतं तर तुमचं तुम्हीच ठरवलं असतं.

तो सिल्लोडकडचा. शहराबाहेर माळावर एका मालकाची खाजगी धावपट्टी आहे. तिथल्या शेडमध्ये तो विमानाचा मिस्त्री आणि मी पत्र्याचं काम करणारा. कामापेक्षा आमची भांडणंच जास्त. माझी बायको त्याला डबा पाठवायची आणि वर शिव्याही. "माझ्या नवऱ्याला आभाळात नेऊन मारशील एक दिवस!" मिस्त्री डबा पुसून खायचा आणि निरोप धाडायचा, "भाभीला सांग, मेथीत मीठ कमी होतं."

आभाळात कुणी मेलं नाय. बायकोच आजारानं खाटेवर गेली. मी काम सोडलं, दार लावून बसायला लागलो. एक दिवस ह्यानं येऊन दार बडवलं. "भिंतीशी भांडतोस, त्यापेक्षा माझ्याशी भांड. चल, पंप बसवायचाय."

विमान मालकाचं, जुनं, दोन माणसांचं. वयानं माझ्या बरोबरीचं असेल. आपल्याकडच्या उन्हात त्याच्या नळीतलं पेट्रोल उकळायचं, वाफ धरायची अन् इंजिन खोकायचं. इंजिनाचा स्वतःचा पंप म्हातारा झालेला. म्हणून विजेवर चालणारा दुसरा जोडायचा होता. आधी आम्ही तो पुढं, इंजिनाजवळ बसवला, कारण ह्याला त्याची टिकटिक ऐकायची होती. पंपच तापला.

मी म्हणालो, "मिस्त्री, तुझ्या कानापायी झालं हे."

"तू पट्टी वाकडी केलीस!"

पट्टी वाकडी नव्हती. दुसऱ्या दिवशी आम्ही गुपचूप तो पंप काढला आणि टाकीजवळ, सीटच्या खाली बसवला. पट्टी माझी, नळ्या त्याच्या. प्रत्येक जोडाला कोरा कागद दाबायचा आणि ओला होतो का बघायचा. "सूखा है," म्हणत कागद माझ्या नाकाशी धरायचा. मी शिवी द्यायचो, तो पुढच्या जोडाला लागायचा. घरी गेल्यावर मला भूक लागायला लागली होती.

उड्डाणाच्या दिवशी हा धुतलेला शर्ट घालून, केसांना तेल लावून आला. विमान मालक स्वतःच चालवायचा. तो एक पाहुणा घेऊन आला.

"चाचा, आज पाहुणे बसतील माझ्याबरोबर. तुमचं वय झालं. वर काही झालं तर मलाच निस्तरावं लागेल."

"आवळलंय मी."

"माहीत आहे हो. विमानाजवळ तुमचा मस्त फोटो काढू."

फोटो! माझं डोकं फिरलं. मी मालकाला जे बोललो ते इथं लिहिता येणार नाय. ह्यानं मला हातानं मागं सारलं, सीटखाली वाकला आणि पंप काढायला लागला.

"चाचा, काय करताय? पंप माझा आहे!"

"पंप तुझा. आवळणं माझं. माझं मी घेऊन चाललो."

जुन्या नळ्या त्यानं पहिल्यासारख्या जोडल्या, प्रत्येक जोडाला कागद लावला. रागात होता, पण काम उघडं टाकलं नाय. पंप पुसून मालकाच्या हातात दिला. पाहुणा तोवर मोबाईल बघत बसला होता.

आज ते विमान उडतं. पंप दुसऱ्या कुणी बसवलाय. मालक सांगत फिरतो, "चाचा हट्टी होते, पण माणूस चांगला." तुझं चांगलं तुझ्यापाशी ठेव.

त्या दिवशी परत येताना तो माझ्या मोटारसायकलवर मागं बसला होता. क्रांती चौकात सिग्नलला थांबलो, तरी ह्याचं माझ्या कानात ओरडणं चालूच. शेजारच्या रिक्षावाल्यानं विचारलं, "क्या हुआ चाचा?"

"विमान छूट गया!" असं म्हणून तो स्वतःच लई हसला. मग त्याचं कपाळ माझ्या पाठीला टेकलं. मला वाटलं, सिग्नल सुटून गाडी हलली म्हणून धक्का बसला असेल.

गल्लीच्या तोंडाशी उतरला. "सकाळी ये. दुसरीकडं काम बघू. उशीर केलास तर तंगडी मोडीन."

उशीर केला नाय. सकाळी गेलो, तर दारात चपलाच चपला. आत बायका रडत होत्या. त्याच्या भावकीतल्या एकानं माझा हात धरला. "काका, आत या. एकदा बघून घ्या."

मी हात झटकला. गाडीवरून उतरलोच नाय. तिथूनच ओरडलो, "त्याला बाहेर पाठवा! त्यानं मला बोलावलंय!"