रिकाम्या भांड्याची चाचणी

कुमुदताई गेल्याचं कळलं तेव्हा मी लखनौच्या चौकात मक्खन-मलाईच्या ठेल्यापुढे चार मित्रांना किस्सा सांगत होतो. रंगात येऊन कुणाची तरी नक्कल करत एका पायावर उभा होतो, आणि फोन वाजला. त्यांची मुलगी मृणाल. "अंकल, आई नहीं रहीं. सुबह नींद में ही..." मी पाय खाली टेकवला. किस्सा अर्धाच राहिला. पुढे काय झालं, हे मित्रांनीही विचारलं नाही.

ताई आमच्या सरकारी अन्न प्रयोगशाळेच्या प्रमुख होत्या. मूळच्या अमरावतीच्या, सगळी नोकरी लखनौत झाली तरी 'का'ऐवजी त्यांचं वऱ्हाडी 'काहून' सुटलं नाही. मी त्यांच्या हाताखालचा विश्लेषक, आणि त्यांच्या शब्दांत 'सरकारी पगारावरचा नाटकवाला'. त्यांचा एक नियम होता. ज्या भांड्यात पदार्थ आम्लात विरघळवायचा, त्यात आधी नुसतं आम्ल घालून यंत्रावर आकडा बघायचा. शून्य आला तरच पुढे जायचं. भांड्याचा दोष मालाच्या माथी नको, असं त्या म्हणत. महानगर वस्तीतल्या घरीसुद्धा चहाआधी प्रत्येक कपात गरम पाणी घालून ओतून टाकायच्या आणि रिकाम्या कपाचा वास घ्यायच्या. मी त्याची नक्कल सगळ्या लॅबला करून दाखवत असे. एकदा त्या मागेच उभ्या होत्या. म्हणाल्या, "मान अजून थोडी तिरपी कर."

एका वर्षी नेपाळहून येणाऱ्या सुंठेत आम्हाला शिसं सापडलं आणि ट्रक सीमेवर अडले. तिकडच्या प्रयोगशाळेच्या अहवालात मात्र तीच सुंठ स्वच्छ होती. शेवटी तिथले थापाजी त्याच नमुन्याचा मोहोरबंद अर्धा हिस्सा घेऊन लखनौला आले. समोरासमोर तपासायचं ठरलं. आमचे वरचे साहेब आदल्या दिवसापासून म्हणत होते, "उनकी लैब का क्या भरोसा." थापाजींनी हळू आवाजात एवढंच विचारलं, "मैडम, पहले खाली बर्तन का नतीजा देख लें?" ताईंनी मोठ्या अभिमानाने रजिस्टर उघडलं. माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं... शून्य.

फेरतपासणीत त्यांचा आणि आमचा, दोन्ही हिस्से स्वच्छ निघाले. थापाजी गेस्ट हाऊसवर गेल्यावर ताईंनी मला केबिनमध्ये बोलावलं. "अनंता, त्या दिवशी रिकामं भांडं लावलं होतंस का रे?"

नव्हतं लावलं. मावसभाऊ आलमबागच्या बसस्थानकावर उतरायचा होता आणि मला घाई होती. चाचणी न करताच मी शून्य लिहिलं होतं. त्याच भांड्यात आदल्या दिवशी शिशाचा रंग चढवलेली हळद विरघळवली होती.

"तू गप्प बसलास म्हणजे नाहीच," त्या म्हणाल्या. "नाही तर आतापर्यंत तुझ्या नाटकाचे दोन अंक झाले असते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी थापाजींच्या हाती पत्र दिलं. आमचा अहवाल चुकीचा होता, भांडं दूषित होतं, जबाबदारी प्रमुख म्हणून त्यांची स्वतःची. मी म्हटलं, "ताई, माझं नाव घाला त्यात."

"काहून? अहवालावर सही कुणाची आहे?"

ट्रक सुटले. साहेब भडकले, "मैडम, दूसरे देश को लिखकर दे दिया?" ताईंची ठरलेली बढती दुसऱ्याला मिळाली. पण त्या पत्रापासून दोन्ही प्रयोगशाळा माल अडवण्याआधी एकमेकींचे आकडे ताडून पाहू लागल्या. थापाजी फोनवर म्हणायचे, "जो अपनी गलती लिखकर दे, उसका आंकड़ा मैं मान लेता हूँ." मला ताईंनी काहीही शिक्षा केली नाही. फक्त त्या निवृत्त होईपर्यंत ते रजिस्टर माझ्याकडेच ठेवलं. मी लखनौभर किस्से सांगत हिंडलो. हा कुठेच सांगितला नाही.

गेल्या आठवड्यात थापाजी मृणालला भेटायला आले, तेव्हा मीही गेलो. ताईंची खुर्ची खिडकीपाशी तशीच होती. थापाजी म्हणाले, "वह चिट्ठी आज भी मेरी दराज़ में है. ऐसी गलती उनसे हुई कैसे, यह कभी समझ नहीं पाया." मृणालने कपांत गरम पाणी घातलं, ओतून टाकलं आणि मान तिरपी करून एकेका कपाचा वास घेतला.

"हे कशासाठी गं?" मी विचारलं.

"पता नहीं अंकल. आई करती थीं."

मी हात पुढे केला. तिने एक कप दिला, रिकामा, अजून कोमट. मी वास घेतला... काही नव्हतं. मग थापाजींकडे वळून म्हणालो, "साहब, उस दिन वह शून्य मैंने लिखा था."